९७११२ लावताना नोटमध्ये काय दिसायला हवं

रविवारी दुपारी फोन आला. माझ्याच कॉलेजची मुलगी, मला बारा-तेरा वर्षांनी ज्युनिअर. टेक्सासमध्ये फिजिकल थेरपिस्टचा परवाना मिळून तीन महिने झालेत. ९७११२ हा अमेरिकेत विमा कंपनीला बिल पाठवताना न्यूरोमस्क्युलर, म्हणजे तोल-समन्वयाच्या, उपचारांना लावायचा कोड. "ताई, बॅलन्सचं सगळं मी ९७११२ मध्ये टाकते. चालतं ना?"

"सगळं म्हणजे काय काय?"

टँडम स्टँडिंग (एका पावलापुढे दुसरं ठेवून उभं राहणं), फोम पॅड, मिनी स्क्वॉट, टाचा उचलणं आणि सुरुवातीला दहा मिनिटं सायकल.

"सायकल न्यूरोमध्ये कशी काय गं?"

"रेसिप्रोकल पॅटर्न आहे ना, ताई, दोन्ही पाय आळीपाळीनं."

मला हसू आलं, कारण सोळा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत नवीन होते तेव्हा हेच उत्तर मी दिलं होतं, आणि तेही पत्र येऊन पडल्यावर. तेव्हा मी जिथे काम करायचे तिथे एका विमा कंपनीनं एकाच पेशंटच्या एकवीस भेटींच्या नोटा मागवल्या. एकवीसच्या एकवीस माझ्या. प्रत्येकीत एकच ओळ: बॅलन्स एक्सरसाइज, १५ मिनिटं, पेशंटने चांगलं सहन केलं. जसं काही मी त्यांना बदडतच होते. महिन्याभरानं ९७११२ चे सगळे पैसे परत मागणारं पत्र आलं. पेशंट बरा झाला होता, काठी सुटली होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मी नेमकं काय केलं हे कागदावर दिसत नव्हतं, एवढंच.

त्या फोनवर जे तासभर बोलले तेच इथे लिहून ठेवते. आपल्याकडची बरीच मुलं-मुली दरवर्षी इकडे येतात. परीक्षेत शरीररचना येते, पण क्लेम, म्हणजे विमा कंपनीकडे केलेली पैशांची मागणी, कसा टिकवायचा ते कुणी शिकवत नाही. महाराष्ट्रात शिकताना आपण पेशंटकडून सेशनचे पैसे घेतलेले पाहिले. इथे पंधरा मिनिटांच्या एकेका तुकड्याचा हिशोब द्यावा लागतो.

कोड कुठला, हे व्यायामावरून ठरत नाही

सीपीटीमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या उपचारांच्या कोडयादीत, ९७११२ म्हणजे हालचाल, तोल, समन्वय, कायनेस्थेटिक सेन्स (हालचालीची जाणीव), पोश्चर किंवा प्रोप्रिओसेप्शन (सांधा कुठे आहे याची जाणीव) यांचं पुनर्शिक्षण, बसून किंवा उभं राहून करायच्या कामांसाठी, दर पंधरा मिनिटांना एक युनिट. ९७११० म्हणजे ताकद, दम, रेंज (सांधा किती हलतो ते), लवचीकता. ९७५३० म्हणजे रोजच्या कामातली क्षमता वाढवण्यासाठी केलेल्या डायनॅमिक अ‍ॅक्टिव्हिटी. ९७११६ म्हणजे चालणं, जिन्यासकट. पाठ करायला सोपं आहे. गोंधळ होतो तो एकच व्यायाम तीन कोडांत बसतो तेव्हा.

खुर्चीतून उठणं-बसणं घ्या. स्ट्रोकनंतर डावी बाजू कमजोर झालेल्या बाईंकडून क्वाड्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूंची) ताकद वाढावी म्हणून दहा-दहाचे तीन सेट करून घेतले, तर ते ९७११०. त्याच बाई उठताना सगळं वजन उजवीकडे टाकतात, डावा पाय नुसता पाहुण्यासारखा पुढे ठेवतात. म्हणून मी डावं पाऊल मागे घेतलं, समोर आरसा ठेवला, डाव्या कुल्ल्यावर हात ठेवून वजन तिकडे न्यायला शिकवलं, तर ते ९७११२. आणि घरातलं कमोड सतरा इंच उंच आहे, धरायला काही नाही, रात्री एकटीनं उठायचंय, म्हणून त्याच उंचीवरून, हातात नाइटगाऊन सावरत सराव घेतला, तर ते ९७५३०. बघणाऱ्याला तिन्ही वेळी बाई खुर्चीतून उठतानाच दिसणार. मी कशासाठी उठवत होते, ते फक्त नोटच सांगू शकते.

म्हणून फोनवरच्या मुलीच्या यादीतले स्क्वॉट आणि टाचा उचलणं ९७११० मध्ये गेलं. टँडम आणि फोम ९७११२ मध्ये राहू शकतं, पण फोमवर उभं केलं एवढ्यानं नाही. पेशंट फोमवर उभा आणि आपण कोपऱ्यात दुसऱ्याची नोट टाइप करतोय, तर तो कोड तर नाहीच, वेळसुद्धा मोजायची नाही. हे सगळे कोड समोरासमोर, एका वेळी एकाच पेशंटसोबत असण्याचे आहेत. आणि सायकल? वॉर्म-अप म्हणून खुशाल द्या. बिलात घेऊ नका.

मी ९७११२ कुणाला लावते? स्ट्रोक, पार्किन्सन, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), पायांची न्यूरोपथी, व्हेस्टिब्युलर (आतल्या कानाच्या बिघाडाचे) पेशंट तर आहेतच. चक्करवाल्यांत एक सांभाळा: बीपीपीव्हीसाठी (डोकं हलवल्यावर येणाऱ्या चक्करेसाठी) एप्लीची कृती (डोकं ठरावीक क्रमानं वळवणं) केलीत तर तिला ९५९९२ हा वेगळा कोड आहे. त्याला मिनिटं नाहीत, दिवसाला एकदाच लागतो. ती पंधरा मिनिटं उचलून ९७११२ मध्ये टाकू नका. ऑर्थोच्या पेशंटलाही ९७११२ लागतो. गुडघा बदलल्यावर क्वाड्स जागाच होत नाही, एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) दुखापतीनंतर उडी मारून उतरताना गुडघा आत पडतो, घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, हे सगळं खरं न्यूरोमस्क्युलर काम आहे. पण इव्हॅलमध्ये (पहिल्या तपासणीत) नुसतं "रेंज ५ ते ९५, ताकद ३+" लिहून पहिल्याच भेटीपासून ९७११२ ची दोन युनिटं लावलीत, तर वाचणारा विचारणारच की तोलाचा प्रश्न आला कुठून.

पाया इव्हॅलमध्येच घाला

जो दोष मोजला नाही, त्यावरचे उपचार कागदावर उपटसुंभ दिसतात. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या न्यूरोलॉजी विभागानं २०१८ मध्ये न्यूरो पेशंटसाठी सहा मोजमापांचा एक संच सुचवला: बर्ग बॅलन्स (तोलाची गुणांची चाचणी), फंक्शनल गेट असेसमेंट (चालतानाचा तोल), एबीसी स्केल (तोलाबद्दलचा आत्मविश्वास), दहा मीटर चालणं, सहा मिनिटं चालणं आणि पाच वेळा खुर्चीतून उठणं. पंचेचाळीस मिनिटांच्या इव्हॅलमध्ये सहाही होत नाहीत. मी दोन किंवा तीन निवडते, आणि तीच शेवटपर्यंत धरते. दर वेळी नवी टेस्ट करणाऱ्याची प्रगती कुणालाच दिसत नाही, त्याची त्यालाही नाही.

बर्ग ५६ पैकी असतो. वाढ दाखवताना जपा. ज्येष्ठांच्या अभ्यासात असं दिसलंय की सुरुवातीचा गुण ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर किमान ४ ची वाढ खरी म्हणता येते. ३५ ते ४४ असेल तर ५, आणि २५ ते ३४ असेल तर ७. त्याखालची वाढ मोजण्यातली चूकही असू शकते. ३८ वरून ४० झाले म्हणून "लक्षणीय सुधारणा" लिहिलीत, तर समोर बसलेल्या रिव्ह्यूअर थेरपिस्टला हा तक्ता पाठ असतो.

ध्येय लिहिताना आकडा आणि घर दोन्ही येऊ द्या. "तोल सुधारणे" हे ध्येय नव्हे. माझ्या एका पेशंटचं मी असं लिहिलं होतं: सहा आठवड्यांत बर्ग ३८ वरून ४४, जेणेकरून स्वयंपाकघरात हातात भरलेला कप घेऊन, ओटा न धरता, सिंकपासून टेबलापर्यंत वळून जाता येईल. तो कप त्यांच्याच बोलण्यातून आला. "चहा बायको आणून देते, ते आवडत नाही," म्हणाले. इव्हॅलमध्ये असं एखादं वाक्य कानावर पडलं की लगेच टिपून घ्या.

निदानाचे कोडही नेमके हवेत. मेंदूतल्या इन्फार्क्टनंतरची (रक्तपुरवठा तुटून झालेल्या स्ट्रोकनंतरची) डाव्या, नॉन-डॉमिनंट बाजूची कमजोरी म्हणजे आय६९.३५४. नुसता "अशक्तपणा" टाकून ९७११२ मागू नका. आणि उपचार ज्या दोषावर आहे तोही शेजारी येऊ द्या, जसा पाय अस्थिर असणं, आर२६.८१. पार्किन्सनचा जुना जी२० ऑक्टोबर २०२३ पासून पाच कोडांत विभागला गेलाय. सिस्टीममध्ये जुनाच पडून असेल तर क्लेम उंबऱ्यावरूनच परत येतो.

आता नोट

माझी जुनी नोट वर सांगितलीच. आता त्याच प्रकारच्या पेशंटची आजची नोट. दोघा-तिघांचं मिळून, ओळख पुसून लिहिते. प्रत्यक्षात ती इंग्रजीत असते.

"९७११२, २२ मिनिटं. पॅरलल बारमध्ये उभं राहून डाव्या पायावर वजन नेणं, समोर आरसा. दोन वजनकाट्यांवर सुरुवातीला डावीकडे ५८ पौंड, उजवीकडे ११८. डाव्या कुल्ल्यावर हाताचा स्पर्श आणि तोंडी सूचना दिल्यावर ८० आणि ९६. उजवं पाऊल पुढे टाकताना डावा गुडघा १० पैकी ७ वेळा मागे लॉक होतो. गुडघ्याच्या मागे बोटांचा स्पर्श दिल्यावर १० पैकी ३. स्पर्श काढल्यावर ५. नियंत्रण टिकत नसल्यानं आज फोमवर नेलं नाही, घट्ट जमिनीवरच पावलाची लांबी कमी करून पुन्हा केलं. एकदा डावीकडे तोल गेला, मिनिमल असिस्ट देऊन सावरला. पुढच्या भेटीत आरसा काढून तेच."

ही लिहायला मला चार मिनिटं लागतात. यातली सगळ्यात मोलाची ओळ कुठली, ते त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, वजनकाट्याची. ती चांगलीच आहे, साधे बाथरूममधले दोन काटे आहेत, दुकानातून आणलेले. पण मला विचाराल तर "स्पर्श काढल्यावर ५" आणि "आज फोमवर नेलं नाही" या दोन. पहिलीतून शिकलेलं किती टिकतं ते कळतं. दुसरीत मी तिथे उभी राहून काहीतरी ठरवलं, हे दिसतं. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) ज्याला स्किल्ड, म्हणजे थेरपिस्टच्या कौशल्याचं काम, म्हणतं ते हेच. पेशंटला घरी यूट्यूब लावून, बायकोला शेजारी उभं करून जमलं असतं, तर माझी गरज नव्हती असा निष्कर्ष निघतो.

आकडे लक्षात राहत नाहीत ही तक्रार खरी आहे. मी हातमोज्याच्या मागच्या बाजूला पेनानं लिहिते. मोजा टाकण्याआधी नोट पुरी करायची, हा माझा माझ्यासाठीचा नियम.

आणि मागची नोट जशीच्या तशी उचलणारं कॉपी-फॉरवर्डचं बटण. ते वाईट नाही, सेटअप उचलायला मीही वापरते. पण सलग सात नोटांत "एकदा डावीकडे तोल गेला" आलं, तर पेशंट दर मंगळवारी नेमानं एकदाच पडतो की काय, असं वाटतं. कॉपी केलीत तर आकडे, सूचना आणि पुढचं पाऊल ही तीन ठिकाणं हातानं बदला.

हे सगळं फार काटेकोर वाटत असेल तर एक आकडा सांगते. अमेरिकी आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरल कार्यालयानं २०१३ च्या दुसऱ्या सहामाहीतले मेडिकेअरचे ३०० फिजिकल थेरपी क्लेम उघडून पाहिले आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यातले १८४ नियमांत बसले नाहीत. वैद्यकीय गरज, कोडिंग आणि नोंदी, तिन्हींत खोट निघाली.

मिनिटांचा हिशोब

मेडिकेअर वेळेच्या सगळ्या कोडांची मिनिटं आधी एकत्र करतं. ८ ते २२ मिनिटांना एक युनिट, २३ ते ३७ ला दोन, ३८ ते ५२ ला तीन, ५३ ते ६७ ला चार. बऱ्याच खासगी कंपन्या मात्र प्रत्येक कोड वेगळा मोजतात आणि त्या-त्या कोडला किमान आठ मिनिटं मागतात. यानं फरक किती पडतो ते पाहा.

९७११२ वीस मिनिटं आणि ९७११० एकोणीस मिनिटं. मेडिकेअरमध्ये एकूण ३९, म्हणजे तीन युनिटं. पंधरा-पंधरा काढून उरतात पाच आणि चार, त्यांचं मिळून तिसरं युनिट, ते जास्त उरलेल्याला, म्हणजे ९७११२ ला. वेगळं मोजणाऱ्या कंपनीत मात्र पाच आणि चार दोन्ही वाया, दोनच युनिटं. उलटं उदाहरण: तीन कोड, प्रत्येकी आठ मिनिटं. मेडिकेअरमध्ये २४ म्हणून दोन, दुसरीकडे तीन. फ्रंट डेस्कवर कुठली कंपनी कसं मोजते त्याचा कागद चिकटवलेला असतो. नसेल तर पहिल्या आठवड्यात तुम्हीच करा, बिलिंगवाली बाई तुमच्यावर खूश राहील.

मेडिकेअरच्या रोजच्या नोटेत तारीख, काय उपचार केले, वेळेच्या कोडांची एकूण मिनिटं, सगळ्या उपचारांची एकूण मिनिटं आणि पदवीसकट सही, एवढं हवंच. सात मिनिटं मॅन्युअल थेरपी (हातानं द्यायचे उपचार) केली आणि त्याचं युनिट झालं नाही, तरी ती सात मिनिटं लिहा. बेरजेत ती धरली जातात. आणि दर भेट नेमकी १५-१५-१५ कशी भरते? माणूस आहे, लघवीला जातो, बुटाची नाडी बांधतो. २२, १३, ९ असे आकडे खरे वाटतात, कारण ते खरे असतात.

बाकीचे कागद

फिजिकल थेरपीच्या प्लॅनखाली दिलेल्या मेडिकेअर सेवेला जीपी मॉडिफायर (कोडाला जोडायची दोन अक्षरी खूण) लागतो. वर्षाचा खर्च ठरावीक रकमेच्या पुढे गेला की केएक्स. २०२५ साली ती रक्कम २,४१० डॉलर होती, आणि त्यात स्पीच थेरपीही मिळून येते. स्ट्रोकच्या पेशंटला हे फार लवकर भिडतं, म्हणून स्पीचवाल्यांनी किती वापरलेत ते विचारून घ्या. केएक्स लावणं म्हणजे "पुढचे उपचार गरजेचे आहेत आणि तसं मी लिहून ठेवलंय" असं सांगणं. लिहिलं नसेल तर लावू नका. ३,००० डॉलरच्या पुढे तपासणीसाठी निवड होऊ शकते. थेरपिस्टच्या असिस्टंटनं दिलेल्या सेवेला सीक्यू लागतो आणि २०२२ पासून तिचे ८५ टक्केच मिळतात.

प्लॅन ऑफ केअरवर (उपचारांच्या आराखड्यावर) डॉक्टरची सही पहिल्या उपचारापासून तीस दिवसांत, आणि पुढे जास्तीत जास्त नव्वद दिवसांनी पुन्हा. सहीसाठी फॅक्समागे धावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. २०२५ पासून जरा सुटका आहे: डॉक्टरची सही असलेला रेफरल फाइलमध्ये असेल आणि तीस दिवसांत प्लॅन पाठवल्याचा पुरावा असेल, तर पहिल्या प्लॅनवर सही आली नाही तरी चालतं. फॅक्सची पोच जपून ठेवा. दर दहा उपचार-दिवसांत एक प्रोग्रेस रिपोर्ट, तो थेरपिस्टनंच लिहायचा, असिस्टंटवर सोडायचा नाही.

५९ मॉडिफायरबद्दल थोडक्यात. एकाच दिवशी ९७५३० आणि ९७१४० (मॅन्युअल थेरपी) लावलेत तर जोडी अडते, दोन्हींचे पैसे एकत्र मिळत नाहीत. दोन्ही वेगवेगळ्या मिनिटांत केलं असेल तरच ५९ लावून सोडवता येते. या जोड्यांची यादी दर तिमाहीला बदलते, त्यामुळे ज्येष्ठांनी तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका, माझ्यावरसुद्धा.

सुधारणा थांबली तर?

पार्किन्सनच्या पेशंटबाबत फोनवर तिनं हे विचारलं: "ताई, बर्ग वाढतच नाही. आता डिस्चार्ज द्यायला हवा ना?" असं पुष्कळ जण मानतात, आणि क्लिनिकं घाबरून देतातही. जिमो विरुद्ध सिबेलियस या खटल्यातल्या तडजोडीनं २०१३ मध्ये स्पष्ट झालंय की मेडिकेअरला सुधारणा ही अट नाही. आहे ते टिकवण्यासाठी किंवा घसरण हळू करण्यासाठी थेरपिस्टचंच कौशल्य लागत असेल, तर सेवा मिळते. पण मग ध्येयही तसंच लिहायचं. "बर्ग ४१ टिकवणे, वळताना पाय जमिनीला चिकटण्याचे प्रसंग दिवसाला तीनपेक्षा वाढू न देणे", आणि हे घरच्या व्यायामावर का सोडता येत नाही ते एका ओळीत. घरच्यांना शिकवण्याच्या वेळेलाही २०२४ पासून वेगळे कोड आहेत, ९७५५० पासून पुढचे. मुलगा-सून शिकायला तयार असतील तर ते वापरा.

एवढं करूनही डिनायल (क्लेम नाकारल्याचा निर्णय) येतंच. मेडिकेअरला पहिल्या अपिलासाठी निर्णय मिळाल्यापासून १२० दिवस असतात. मी एक पानी पत्र करते: सुरुवातीचा आकडा, आताचा आकडा, आणि नोटांमधल्या तीन जागा तारखेसकट, जिथे माझा निर्णय दिसतो. सगळी फाइल जोडायची, पण वाचणाऱ्याचं बोट नेमकं कुठे ठेवायचं ते आपणच सांगायचं. रागानं लिहिलेलं पत्र मी रात्रभर ड्राफ्टमध्ये ठेवते आणि सकाळी अर्धं कापते.

बुधवारी तिनं पेशंटचं नाव-गाव काढून एक नवीन नोट पाठवली. दोन काटे, आकडे, १० पैकी किती वेळा, सगळं होतं. सायकल नव्हती. शेवटी तेवढं "पेशंटने चांगलं सहन केलं" होतंच. मी ती ओळ लाल करून परत पाठवली.